देवदूताच्या गालावरचा पांढरा

लापोने मला भिंत फोडायला बोलावलं तेव्हा मी दारात बसून घेवडा सोलत होतो. निरोप घेऊन मंडळीचा कारभारी सेर पुच्चो स्वतः आला होता. कुठली भिंत, हे त्याने सांगायच्या आधीच मला कळलं. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या आणि त्या गोळा करायचं निमित्त करून मी बराच वेळ वाकून राहिलो.

पिस्तोयात देवदूत राफाएलच्या नावाची आमची एक मंडळी आहे. आजाऱ्यांची विचारपूस करायची, बेवारशी मेलेल्याला खांदा द्यायचा आणि वर्षातून एकदा मेणबत्त्या घेऊन गावातून फिरायचं, एवढं तिचं काम. मंडळीच्या दिवाणखान्याला समोरासमोर दोन लांब भिंती आहेत. एकीवर लापोने चित्रं काढली, दुसरीवर नोफ्रीने. दोन्ही भिंतींचा गिलावा माझ्या हातचा. पाहुण्यांना भिंती दाखवताना 'ही मेओ गवंड्याची' असं कुणी म्हणाल्याचं मात्र मी अजून ऐकलेलं नाही.

ओल्या गिलाव्यावर चित्र काढायचं म्हणजे गवंड्याशिवाय चित्रकाराचं पान हलत नाही. एका दिवसात जेवढं रंगवून होईल तेवढाच तुकडा सकाळी थापायचा. चुना ओला आहे तोवर रंग आत जातो आणि भिंतीचाच होऊन बसतो. संध्याकाळी चुना आवळला की दार बंद. म्हणून चित्रकाराला आज किती जमणार हे त्याच्या बायकोच्या आधी गवंड्याला कळतं. लापोसाठी मी जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा थापायचो आणि तो दुपारीच हात धुवून मोकळा व्हायचा. नोफ्रीचा तुकडा पोळपाटाएवढा. त्यालाही दिवस पुरायचा नाही.

नोफ्री फार मोठा चित्रकार होता. हे माझं म्हणणं नव्हे, फ्लोरेन्सहून घोड्यावर बसून त्याची कामं बघायला लोक यायचे. मी एकतीस वर्षं त्याचा गिलावा थापला. मला विचाराल तर माणूस खडूस, संशयी, राग सदा नाकावर. कांदा-भाकरी खातानासुद्धा कुणाकडे पाठ करायचा नाही. पण त्याने काढलेली नदी बघितली की मला तहान लागायची. मी त्याच्यावर चिडायचो आणि दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत चुना कालवायला हजर व्हायचो. माझी बायको तेस्सा म्हणायची, तुझं लग्न माझ्याशी झालंय की त्याच्याशी.

लापोची तऱ्हा वेगळी. हसरा, बोलका, नीटनेटका. गावात लग्न निघालं की पेटीवर चित्र त्याचं, बाळंतिणीच्या पलंगावर चित्र त्याचं. हात इतका चलाख की बघणाऱ्याला वाटावं हा आधीच काढलेल्या चित्रावरून फक्त धूळ झटकतोय. तो वाईट चित्रकार नव्हता, आणि हे नोफ्रीला माहीत होतं. भांडणात तेल ओतणारी गोष्ट तीच होती.

दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. म्हातारा बिंदो त्यांचा उस्ताद. नोफ्री थोरला, लापो पाच-सहा वर्षांनी लहान, दोघं एका ताटात जेवायचे. मग बिंदोच्या एका मोठ्या लाकडी फळीवर देवमातेचा चेहरा काढायचं काम लापोला मिळालं. वीस वर्षांचं पोर, महिनाभर त्या चेहऱ्यात रमलं होतं. एका रविवारी सगळे चर्चला गेलेले असताना नोफ्रीने तो चेहरा खरवडून काढला आणि आपल्या हाताने पुन्हा काढला. चेहरा चुकला होता म्हणे. चुकला होता की नव्हता, देव जाणे. नोफ्रीने काढलेला चेहरा आजही त्या फळीवर आहे आणि त्याच्यापुढे बायका गुडघे टेकतात. लापो त्या दिवशी कारखाना सोडून गेला, तो पुढची चाळीस वर्षं नोफ्रीशी सरळ एक शब्द बोलला नाही.

सरळ बोलला नाही म्हणजे गप्प बसला असं नव्हे. मंडळीने दोघांना समोरासमोरच्या भिंती दिल्या त्या उन्हाळ्यात मी पहाटे एकाचा गिलावा करायचो आणि मग दुसऱ्याचा. दोघं आपापल्या परांचीवर, एकमेकांकडे पाठ करून. बोलणं सगळं माझ्यामार्फत.

लापो म्हणायचा, "मेओ, तुझ्या उस्तादाला विचार, तो संत उभा आहे की दोरीवर वाळत घातलाय?"

नोफ्री मान न वळवता म्हणायचा, "त्याला सांग, माझे संत उपास करतात. त्याचे सगळे जेवून आलेले दिसतात."

सांगण्यासारखं काही उरायचं नाही, दोघांनीही ऐकलेलं असायचं. लापोने त्या एका उन्हाळ्यात भिंत पुरी केली. नोफ्रीला सात वर्षं लागली. पहिली चार त्याच्या स्वभावामुळे. शेवटची तीन कशामुळे, हे फक्त मला माहीत होतं.

त्याचे डोळे गेले. एकदम नाही. आधी लांबचं धुरकट झालं, मग रंगांचा गोंधळ उडायला लागला. एका सकाळी त्याने हिरवा मागितला आणि हातात तपकिरी धरून बसला. मी बघितलं हे त्याला कळलं. त्याच दिवशी त्याने मी सोडून हाताखालच्या सगळ्यांना काढून टाकलं. लोक म्हणाले, म्हातारा आणखी तिरसट झाला. मग त्याने मला देवदूताच्या नावाने शपथ घ्यायला लावली.

"हे कुणाला कळता कामा नये," तो म्हणाला. "लापोला तर नाहीच. त्याने शिव्या दिल्या तर मी ऐकून घेईन. पण तो माझी कीव करायला लागला तर मला जगता येणार नाही."

मी शपथ घेतली. तेव्हापासून मी त्याचे रंगही लावायला लागलो. नऊ वाट्या, रोज त्याच क्रमाने. डाव्या टोकाला पांढरा, मग पिवळी माती, अशा. तो हाताने चाचपून मोजायचा. नाक भिंतीला लागेल इतकं जवळ गेलं की त्याला थोडं दिसायचं, बाकी सगळं हाताच्या सवयीवर. आणि ऐका, त्या तीन वर्षांतली कामं सात वर्षांतली सगळ्यात चांगली आहेत. हे कसं, ते मला विचारू नका, मी गवंडी आहे.

भिंतीवर गोष्ट होती तोबियाची. आंधळा बाप ओट्यावर बसलेला, मुलगा तोबिया त्याच्या डोळ्यांना माशाचं पित्त लावतोय आणि मागे देवदूत राफाएल उभा आहे, ज्याने हा उपाय सांगितला. बापाला दृष्टी येते, एवढी गोष्ट. मुलगा झाला, बाप झाला, पायाशी बसलेला कुत्राही झाला. देवदूताचा चेहरा तेवढा राहिला. नोफ्री तो पुढे ढकलत होता. एक दिवस त्याने पेटीच्या तळातून एक जुना कागद काढला. कडा उंदरांनी खाल्लेल्या, कोळशाने काढलेला एक चेहरा. मी तो उजेडात धरला आणि म्हणालो, हा तर लापो.

"होता," नोफ्री म्हणाला. "अठरा वर्षांचा असताना. बिंदोच्या अंगणात बसून हसत होता, मी काढला."

मी विचारलं, देवदूताला लापोचं तोंड? तो म्हणाला, मग काय तुझं लावू? थोड्या वेळाने त्याने आपण होऊनच सांगितलं, की मातेचा तो चेहरा चुकलेला नव्हता. चांगला होता. आपल्याला तसा जमला नसता, एवढंच त्या रविवारी आपल्या लक्षात आलं होतं. आणि आता तोंड उघडून सांगायची हिंमत नाही, म्हणून भिंतीवर सांगतो. लापो मूर्ख नाही, बघेल तेव्हा त्याला समजेल.

आता माझं पाप.

भिंतीवर चालतो तो पांढरा चुन्याचाच लागतो. चुना विझवून आठ दिवस पाण्यात ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, मग त्याच्या वड्या थापून छपरावर वाळवायच्या. हे काम माझं. त्या सप्टेंबरात तेस्साच्या माहेरी सेर्राव्हालेला द्राक्षांची तोडणी होती. एक दिवस म्हणून गेलो आणि चार दिवस राहिलो. नवी दारू, मेहुणे, गाणी. परत आलो तर चुन्यावर पापुद्रा धरलेला, वड्यांचा पत्ता नाही, जुन्या सगळ्या संपलेल्या. आणि सकाळी नोफ्री परांचीवर चढून म्हणाला, आज चेहरा. काल रात्री मला चांगली झोप लागली, आज हात थरथरत नाही. आज नाही झालं तर मग होणार नाही.

मी खरं सांगायला हवं होतं. पांढरा नाही, आठ दिवस थांबा, एवढंच. तो मला परांचीवरून ढकलून द्यायला निघाला असता, दिवसभर शिव्या खाव्या लागल्या असत्या, आणि संपलं असतं. पण मी नोफ्रीच्या कारखान्यात गेलो आणि फळ्या रंगवायच्या बाकावरचा सफेदा उचलून आणला. सफेदा म्हणजे शिशाचा पांढरा. लाकडावर तो जन्मभर टिकतो. भिंतीवर लावू नये असं प्रत्येक उस्ताद सांगतो, काळा पडतो म्हणतात. मीही शंभरदा ऐकलं होतं. पण मी एकदा दुसऱ्या कुणाला तो भिंतीवर वापरताना बघितलं होतं आणि महिनाभरात तरी काही झालं नव्हतं. मी मनाशी म्हटलं, हे सगळे उस्तादांचे नखरे. पांढरा तो पांढरा. खलून वाटीत घातला आणि डाव्या टोकाला ठेवला.

गिलावा मी त्या दिवशी जन्मात केला नसेल इतका गुळगुळीत केला. नोफ्रीने नाक भिंतीला लावलं आणि सुरुवात केली. जेवला नाही, पाणी प्यायला नाही. मी खाली बसून वर बघत होतो. कपाळ आलं, नाक आलं, तो हसायच्या बेतातला ओठ आला. भिंतीतून कुणीतरी पुढे येऊन उभं राहतंय असं वाटत होतं. दुपारी तो एकदाच बोलला.

"मेओ, आजचा पांढरा काय चालतोय रे. लोण्यासारखा. तुला इतक्या वर्षांनी वड्या थापायची अक्कल आली म्हणायची."

एकतीस वर्षांत त्याने माझं केलेलं हे पहिलं कौतुक. मी खाली मान घालून थापी पुसत राहिलो.

महिन्याभराने तो अंथरुणाला लागला आणि संतांच्या सणाच्या दिवशी गेला. भिंतीवरचं कापड काढलं तेव्हा तो नव्हता. सगळं गाव जमलं होतं. जुन्या माणसांनी चेहरा लगेच ओळखला, कुजबुज झाली, आणि सगळे लापोकडे बघायला लागले. लापो किती वेळ उभा होता सांगता येत नाही. मग टोपी हातात धरून निघून गेला. पण पुढची दीड वर्षं तो रोज सकाळी यायचा आणि आपल्या भिंतीकडे पाठ करून, नोफ्रीच्या भिंतीकडे तोंड करून बसायचा. मला वाटलं, पोचलं. उस्तादाचं म्हणणं पोचलं.

दुसऱ्या हिवाळ्यात देवदूताचं कपाळ करडं पडलं. मग गाल, मग नाक. उन्हाळ्यापर्यंत तोंड कोळशासारखं काळं झालं, आणि आजूबाजूला पंख, झगा, मुलगा, कुत्रा सगळे लख्ख. आमच्या गावाला दुसरं काय हवं. म्हणाले, नोफ्रीने मेल्यावरही सोडला नाही. बरोबर ठाऊक होतं त्याला काय लावलं की काय होतं. आधी देवदूत केला, मग सैतान. बाजारात लोक लापोला 'काळा देवदूत' म्हणायला लागले, पोरं मागे धावायची. लापोने दिवाणखान्यात यायचं सोडलं. बाजारातून जायची वाट बदलली. ज्या माणसाची जीभ गावात कुणाला हार गेली नव्हती तो गप्प झाला.

मी त्याच्या शेजारच्याच बाकावर प्रार्थनेला बसायचो. पाच वर्षं बसलो. शपथ आहे, असं स्वतःला सांगायचो. शपथ होती खरी, पण तिच्या आड मी स्वतः लपलो होतो, हे मला तेव्हाही कळत होतं.

मग बिशप यायचे ठरले, आणि मंडळीला त्या तोंडाची लाज वाटायला लागली. त्यांनी लापोला विचारलं, तेवढा चेहरा नव्याने काढशील का. लापो म्हणाला, चेहरा नाही, सगळी भिंत फोडायची असेल तर काढतो. सात वर्षांचं काम. पिस्तोयात नोफ्रीची म्हणून तेवढी एकच भिंत. मंडळीने दोन बैठका घेतल्या आणि हो म्हटलं. आणि फोडायला कोण? तिचा गिलावा ज्याने केला तोच.

तर असा मी हातोडा आणि छिन्नी घेऊन दुसऱ्या दिवशी दिवाणखान्यात गेलो. लापो आधीच आला होता. पाच वर्षांत तो फार वाळला होता. परांची बांधून तयार होती. तो म्हणाला, देवदूतापासून सुरू कर.

मी वर चढलो. काळं तोंड माझ्या तोंडासमोर होतं. छिन्नी लावली ती कानाच्या वर, जिथे त्या दिवसाच्या तुकड्याचा सांधा आहे. माझाच सांधा. हातोडा उचलला आणि तो खाली येईना. खालून लापो म्हणाला, काय झालं, म्हातारपण आलं का. मी उतरलो आणि हत्यारं जमिनीवर ठेवली.

"ही भिंत मी फोडणार नाही," मी म्हणालो.

"मी दुसरा गवंडी आणतो."

"आणा. पण आधी माझं ऐका."

"काय ऐकू? त्याने माझा चेहरा एकदा खरवडला, मी गप्प बसलो. दुसऱ्यांदा काळा केला. आता माझी पाळी आहे, मेओ. तू मध्ये येऊ नकोस."

"काळा त्याने नाही केला. मी केला."

मग मी सगळं सांगितलं. द्राक्षांची तोडणी, न थापलेल्या वड्या, सफेदा. लापो हसला, पण ते हसणं बरं नव्हतं. म्हणाला, तुझ्या उस्तादाला वाचवायला तू काहीही बोलशील. नोफ्रीला सफेदा ओळखता आला नाही? तो लांबून बघून सांगायचा कुठल्या दुकानातला आहे. चिमणीच्या पंखात चार पांढरे वेगळे दिसायचे त्याला. त्याने वाटीत बघितलं नसेल?

इथे मला शपथ आडवी आली. मी देवदूताकडे बघितलं. काळ्या तोंडाने तो आंधळ्या म्हाताऱ्याकडे बघत होता. मी मनात म्हटलं, उस्ताद, तुमची कीव झाली तर होऊ दे. मी तुमचं एवढं नुकसान केलंय, त्यात आणखी एक.

"त्याला दिसत नव्हतं," मी म्हणालो. "शेवटची तीन वर्षं. वाट्या मी लावायचो, तो हाताने मोजायचा. आणि त्याला दिसत नव्हतं म्हणूनच मी ते केलं. दिसत असतं तर माझी छाती झाली नसती."

लापो खाली बसला. बाक होता म्हणून बाकावर, नसता तर जमिनीवर बसला असता. मग त्याने विचारलं, कुणाकुणाला माहीत होतं. मी म्हणालो, मला एकट्याला. का लपवलं, हेही सांगितलं, आणि त्याच ओघात मातेच्या चेहऱ्याबद्दल नोफ्री जे बोलला होता तेही. ते ऐकताना लापोने माझ्याकडे बघितलं नाही.

मग तो उठला. मला वाटलं, आता मारणार. मारावं असंच मला वाटत होतं.

"पाच वर्षं," तो म्हणाला. "पोरं माझ्यामागे ओरडत होती, आणि तू माझ्या मांडीला मांडी लावून जपमाळ ओढत होतास. पाच वर्षं मी एका मेलेल्या माणसाला रोज शिव्या दिल्या, मेओ. आंधळ्याला."

त्याने मारलं नाही. तो परांचीच्या शिडीकडे वळला आणि हळूहळू वर चढला. मी शिडी धरून उभा राहिलो. वर गेल्यावर तो आधी लांबून बघत होता, मग जवळ गेला, अगदी नाक भिंतीला लागेल इतका. नोफ्री उभा राहायचा तसाच. त्याने बोट उचललं आणि काळ्या रंगावरून हळूहळू फिरवायला लागला.

मग वरून आवाज आला.

"मेओ, चेहरा काढताना पांढरा कुठे लावतात?"

मी म्हणालो, उजेड पडतो तिथे. एवढं मलाही कळतं.

"आणि जास्त पांढरा?"

"जास्त उजेड असेल तिथे."

"मग जिथे सगळ्यात काळं पडलंय, तिथे त्याने सगळ्यात जास्त उजेड ठेवला होता." त्याचं बोट कपाळावर होतं. "हे बघ. इथे दोनदा लावलाय. नाकाच्या दांड्यावर एकदाच, पण भरून. खालच्या ओठावर टिपका. आणि इथे..." बोट डोळ्याखाली थांबलं. "इथे उजेड पडतच नाही. कुणाच्याही तोंडावर पडत नाही. हे आम्हा दोघांना बिंदोने पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्याला माहीत होतं. तरी त्याने इथे ठेवलाय."

मग म्हणाला, "इतका उजेड मी माझ्या एकाही देवदूताला दिला नाही."

मी खाली बघत राहिलो. मग त्याने आंधळ्या बापाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि विचारलं, हा म्हातारा कोण, ठाऊक आहे ना तुला. भिंतीवरच्या त्या म्हाताऱ्याचा गिलावा मी केला, तीन वर्षं उस्तादापुढे वाट्या मांडल्या, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. भिंतीवर नोफ्री बसला होता, तोंड वर करून, आणि लापो त्याच्यामागे उभा होता.

दुपारी सेर पुच्चो काम कुठवर आलं ते बघायला आला. भिंत जशीच्या तशी. लापो त्याला म्हणाला, हे काम मी करत नाही. पुच्चो गोंधळला. काय कमी पडलं, माणसं हवीत का, वेळ हवा का.

"माझ्याने होणार नाही," लापो म्हणाला. "नोफ्रीच्या शेजारी माझा हात लगेच उघडा पडेल. त्याच्याएवढा मी नाही. तेवढं लिहून हवं असेल तर लिहून देतो."

पंचेचाळीस वर्षं गाव ज्या वाक्याची वाट बघत होतं ते त्याने एका कारभाऱ्यापुढे, टोपी झटकत, असं सहज सांगून टाकलं. आणि जाताना मला बाजूला घेऊन बजावलं, की डोळ्यांचं आता कुणालाही सांगायचं नाही. लोक नोफ्रीला शिव्या देतात ते चालेल. कीव करायला लागले तर आपल्याला चालणार नाही. ही शपथ मी त्याच्यापुढे घेतली आणि तो जिवंत असेपर्यंत पाळली.

बिशप आले तेव्हा मंडळीने देवदूताच्या तोंडावर रेशमी पडदा टांगला. ते गेल्यावर लापोने तो स्वतः काढून घडी घातला. पुन्हा तो रोज सकाळी यायला लागला, त्याच जागी बसायला लागला. बाजारातली वाटही त्याने पुन्हा धरली. पोरं ती पोरंच, 'काळा देवदूत, काळा देवदूत' म्हणून मागे लागायची. आधी तो गल्लीत वळायचा. आता तो थांबायचा, मागे फिरायचा, टोपी काढायचा आणि म्हणायचा, "हो, मीच तो."

गाव म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.